सात की साठ?

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मामाचा ट्रॉलर आचऱ्यासमोर बंद पडला. मोबाइलची रेंज तेव्हा बंदराच्या बाहेर फारशी जात नव्हती. मामाने वायरलेसवरून निरोप दिला, तो मालवणला एका घरातल्या सेटवर पाच-सहा जणांनी एकदमच ऐकला. मी त्यांतलाच एक. ‘‘इंजिन बंद पडला हा. सात वावात आसंव, नांगर...’’ आणि पुढे नुसती खरखर. नंतर त्यांची बॅटरी उतरली आणि सेट गप्प झाला.

आम्ही ‘साठ’ ऐकलं. खोल पाण्यात गेलेला ट्रॉलर, म्हणजे साठच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. दोन होड्या तशाच रात्री साठ वावाच्या पाण्याकडे निघाल्या. एक वाव म्हणजे सहा फूट. सात वाव म्हणजे बेचाळीस फूट पाणी, किनाऱ्यावरच्या टेकडीवरून होडीचा दिवा दिसावा इतकं जवळ. साठ वाव म्हणजे तीनशे साठ फूट पाणी, तिथे पोचायलाच रात्र जाते. मामा आणि चार खलाशी ती रात्र नांगराच्या एका दोरावर काढत होते आणि मागे मालवणचे खडक होते. दोर तुटला असता तर काय झालं असतं ते आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

पहाटे शेजारचा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा हळूच म्हणाला, ‘‘साठ वावात नांगर कसो टाकतले?’’ खोलीत एकदम शांतता पसरली. त्याने ‘नांगर’ हा शब्द ऐकला होता. आम्हीही ऐकला होता, पण आकडा मनात पक्का बसल्यावर त्या शब्दाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. मामीने विचारलं, ‘‘रातीच कित्याक नाय सांगलंस?’’ तो म्हणाला, ‘‘मोठी माणसा बोलत हुती.’’

मामा सुखरूप परत आला. पण त्या पोराचं वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. पुढे मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागलो, रेडिओ लहरी शिकवताना विमानांच्या आणि नियंत्रण कक्षांच्या संभाषणांबद्दल वाचत गेलो आणि प्रत्येक अपघाताच्या चौकशीत मला तीच खोली दिसायला लागली. कुणीतरी सांगितलं, कुणीतरी भलतंच ऐकलं, आणि ज्याला शंका आली तो गप्प बसला.

हे आज लिहिण्याचं कारण आमच्या डोक्यावरचं आभाळ. ९ ऑक्टोबर २०२१ला आमच्या सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला. खाली गोव्यात मोपा सुरू आहे, वर रायगड जिल्ह्यात नवी मुंबईचा सुरू झाला. माझ्या वर्गातल्या मुलामुलींना आता एअर ट्रॅफिक कंट्रोलर, म्हणजे विमानांना रेडिओवरून सूचना देणारा नियंत्रक, हे पद माहीत आहे. बीएस्सीला फिजिक्स आणि गणित असेल तर त्या परीक्षेला बसता येतं, हेही माहीत आहे. आणि त्यांच्या घरात, गावात, क्लासवाल्यांकडे सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं: आपल्या पोरांचं इंग्रजी कच्चं, तिथे एक शब्द चुकला तर विमान पडतं, आपलं ते काम नव्हे.

ही समजूत चुकीची आहे. ती मुलांचं नुकसान करते. शिवाय धोका नेमका कुठे आहे त्यावरून आपलं लक्ष उडवते.

१९ फेब्रुवारी १९८९ला फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू जंबो विमान क्वालालंपूरला उतरत होतं. कंपनी अमेरिकन, वैमानिक अमेरिकन. इंग्रजी त्यांची मातृभाषा. नियंत्रकाने २,४०० फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं, पण शब्द वापरले ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. त्यातला ‘टू’ हा आकडा होता. कॉकपिटमध्ये तो ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ ऐकला गेला आणि उरले चारशे फूट. उत्तर गेलं, ‘ओके, फोर झीरो झीरो.’ चूक त्या उत्तरात उघडी पडली होती. नियंत्रकाने ती पकडली नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघे गेले.

या अपघातात इंग्रजी कमी पडलं असं कुणी म्हणू शकेल का? उच्चार अमुक होता की तमुक, याने इथे काही बदललं नसतं. ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ असं ठरलेल्या पद्धतीने म्हटलं असतं, किंवा परत म्हटलेला आकडा नियंत्रकाने कान देऊन ऐकला असता, तर माणसं वाचली असती. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवणं याला रीडबॅक म्हणतात. ते परत म्हटलेलं नियंत्रकाने पडताळून पाहणं हा त्याचा दुसरा अर्धा भाग. आपल्याकडे पहिल्या भागाची चर्चा होते, दुसऱ्याची होत नाही. परत म्हणणं तोंडाने होतं आणि सवयीने जमतं. पडताळणीला मन जागेवर लागतं. रात्रपाळीच्या सहाव्या तासाला, एका वेळी दहा विमानं हाताळताना, आपण जे सांगितलं तेच आपल्याला ऐकू येतं. आम्हाला ‘साठ’ ऐकू आलं होतं, कारण आमच्या डोक्यात आधीच साठ होतं.

आता तेनेरीफ, स्पेनचं एक बेट. २७ मार्च १९७७. दोन जंबो विमानं, एक डच आणि एक अमेरिकन, धुक्याने भरलेल्या एकाच धावपट्टीवर, ५८३ मृत्यू. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतकी माणसं कधी गेली नाहीत. डच विमान पट्टीच्या टोकाला उभं होतं, अमेरिकन विमान त्याच पट्टीवरून समोरून येत होतं आणि धुक्यामुळे दोघांना एकमेकांचं काही दिसत नव्हतं. डच सहवैमानिक म्हणाला, ‘वी आर नाउ अ‍ॅट टेक-ऑफ.’ नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. प्रत्यक्षात ते धावायला लागलं होतं.

डच भाषेत चालू क्रिया सांगायची जी ढब आहे, ती त्या ‘अ‍ॅट’मध्ये उतरली असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मला हे वाचताना परकं वाटलं नाही. आपण मराठी माणसं फोनवर दिवसभर हेच करतो. ‘निघालो’ म्हणतो तेव्हा पायात चप्पल नसते. ‘आलोच’ म्हणतो तेव्हा आंघोळ व्हायची असते. घरातून बाहेर पडताना ‘येतो’ म्हणतो आणि जातो. ऐकणारा आपल्या घरातला असतो, त्याला आपली ‘आलोच’ किती मिनिटांची असते ते ठाऊक असतं, म्हणून निभावतं. धुक्यात, अनोळखी माणसाशी, एकमेकांचा चेहरा न दिसता बोलताना हे निभावत नाही. प्रत्येक भाषेला असे कोपरे असतात. ते भाषेचं वैभवच आहे, पण धावपट्टीवर त्याला जागा नाही. म्हणूनच त्या अपघातानंतर नियम झाला की ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. एक शब्द कुलूप लावून ठेवला, किल्ली एकाच ठिकाणी.

पण तेनेरीफमध्ये आणखी एक गोष्ट घडली. ती शिकवताना दरवर्षी माझा वर्ग गप्प होतो. नियंत्रक आधी ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला, मग म्हणाला, ‘टेक-ऑफसाठी थांबा, मी तुम्हाला कळवतो.’ नेमक्या त्याच वेळी अमेरिकन वैमानिक घाबरून म्हणाला, ‘आम्ही अजून पट्टीवरच आहोत.’ दोघं एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी बोलले. डच कॉकपिटमध्ये त्यामुळे पोचला तो एक ‘ओके’ आणि मागोमाग काही सेकंदांची कर्कश शिट्टी. जीव वाचवणारी दोन्ही वाक्यं त्या शिट्टीत गेली.

विमानांचा आवाजी रेडिओ एएम पद्धतीचा आहे. त्यात दोन लहरी एकमेकींवर आल्या की शीळ उठते. निदान शीळ उठते, म्हणजे काहीतरी बुडालं एवढं तरी कळतं. होड्यांवरचे सेट एफएम पद्धतीचे असतात. तिथे दोघं एकदम बोलले तर जोरकस लहर कमजोर लहरीला पूर्ण गिळते. ऐकणाऱ्याला एकच माणूस स्पष्ट ऐकू येतो, दुसरा बोलला होता याचा मागमूसही राहत नाही. समुद्रावर उत्तर आलं नाही तर ‘ऐकलं असेल’ असं धरणं म्हणूनच धोक्याचं. हे ज्ञान आमच्या बंदरांवर पोचायला हवं होतं, ते पोचलेलं नाही.

तेनेरीफच्या त्या डच कॉकपिटात एक तिसरा माणूस होता, फ्लाइट इंजिनिअर. विमान धावत असताना त्याला शंका आली. त्याने विचारलं, तो पॅन अमेरिकन अजून बाजूला झाला नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालाय की. कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. मला त्या वेळी आमच्या शेजारचा पोरगा आठवतो. मोठी माणसं बोलत होती.

हाच मुद्दा न्यूयॉर्कच्या अपघातात वेगळ्या रूपात दिसतो. २५ जानेवारी १९९०. कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं विमान खराब हवेमुळे तासाभराहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलं. कॅप्टन सहवैमानिकाला सांगत होता, इमर्जन्सी आहे म्हणून कळव. सहवैमानिक नियंत्रकांना सांगत होता, आमचं इंधन संपत चाललंय. ‘इमर्जन्सी’ हा शब्द किंवा ‘मेडे’ ही जीव धोक्यात असल्याची हाक रेडिओवर गेलीच नाही. नियंत्रकाच्या कानांना इंधन कमी असल्याच्या तक्रारी रोजच्याच. त्याने विमानाला रांगेतच ठेवलं. ते कोसळलं तेव्हा टाक्या रिकाम्या होत्या, इतक्या रिकाम्या की आगही लागली नाही. ७३ माणसं गेली. तो सहवैमानिक उद्धटपणे बोलायला बिचकला, आरडाओरडा न करता नम्रपणे अडचण मांडत राहिला, असं मला वाटतं. आपल्यातल्या किती जणांना हे ओळखीचं वाटेल! डॉक्टरांपुढे, साहेबांपुढे, तलाठ्यापुढे आपण असंच बोलतो. ‘जरा बघा ना’ म्हणतो, ‘मरतोय’ म्हणत नाही.

आता माझ्या म्हणण्यावर सर्वांत मोठा आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. रीडबॅक अचूक झालं तरी अपघात होतात. २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाचं छोटं विमान धावपट्टीवर येऊन थांबलं आणि मागून उतरणारं प्रवासी विमान त्यावर आदळलं. तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जण गेले, प्रवासी विमानातले ३७९ जण मात्र जळत्या विमानातून वेळेत बाहेर पडले. नियंत्रकाने त्या छोट्या विमानाला पट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत यायला सांगितलं होतं आणि सोबत ‘नंबर वन’ म्हटलं होतं, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला क्रमांक. वैमानिकाने दोन्ही गोष्टी बरोबर परत म्हटल्या. शब्द बरोबर गेले, बरोबर परत आले, आणि तरीही त्याची समजूत झाली की पट्टीवर जायला आपल्याला मोकळीक आहे. ‘नंबर वन’ हे दोन शब्द माहिती म्हणून सांगितलेले होते. घाईत असलेल्या माणसाला त्यात परवानगी ऐकू आली. अपघातानंतर जपानने ते शब्द वापरणं काही काळ थांबवलं.

आणि आपल्या देशातला चरखी दादरीचा अपघात. १२ नोव्हेंबर १९९६, ३४९ मृत्यू, आकाशात दोन विमानांच्या टक्करीत गेलेले जगातले सर्वाधिक. दिल्लीच्या नियंत्रकाने कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं, समोरून १४,००० फुटांवर सौदी विमान येतंय हेही सांगितलं. उत्तर मिळालं. पण त्या कॉकपिटमध्ये नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा, विमान चालवणारे वेगळे. सूचना रेडिओपर्यंत पोचली, चालवणाऱ्या हातापर्यंत पोचली नाही. विमान खाली येत राहिलं. त्यानंतर भारतात टक्करविरोधी यंत्रणा बंधनकारक झाली, दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे केले गेले, आणि हे योग्यच झालं.

तेव्हा आक्षेप खरा आहे. परत म्हणणं पुरेसं नाही. पण या दोन्ही अपघातांतून ‘भाषा सुधारा’ हा निष्कर्ष निघत नाही. हानेदाने शिकवलं ते हे की अनावश्यक शब्द काढा, परवानगी नसताना परवानगीचा वास येईल असं काही बोलू नका. चरखी दादरीने शिकवलं ते हे की ऐकणाऱ्यापासून करणाऱ्यापर्यंतची शेवटची दोन फुटंही कुणाच्या तरी जबाबदारीत असली पाहिजेत. आणि दोन्हींनी मिळून हे शिकवलं की माणसाच्या कानावर सगळा भार टाकू नका, यंत्राचा दुसरा डोळा ठेवा. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट: निरोप पूर्ण झाला की नाही हे तपासणारी साखळी. व्याकरण आणि उच्चार या साखळीत फार मागे येतात.

आंतरराष्ट्रीय नियमांतही हे आहे. ५ मार्च २००८पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे वैमानिक आणि ती हाताळणारे नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजीची सहा पायऱ्यांची मोजपट्टी लागू झाली आणि कामासाठी चौथी पायरी गाठावी लागते. चौथ्या पायरीच्या वर्णनात मातृभाषेचा ठसा उच्चारात असायला हरकत नाही, त्याने समजण्यात फक्त अधूनमधून अडथळा यावा इतकीच अट आहे. आणि त्याच पायरीवर गुण मोजताना हे पाहतात की गैरसमज झाल्याची शंका आली तर हा माणूस पडताळून घेतो का, खात्री करून घेतो का, पुन्हा विचारतो का.

गेल्या वर्षी कुडाळकडची एक विद्यार्थिनी घरी आली होती. मराठी माध्यमातून शिकलेली, गणितात पक्की, मुलाखतीच्या विचाराने रडकुंडीला आलेली. तिने मला विचारलं, ‘‘सर, ‘पुन्हा सांगा’ म्हटलं तर मार्क जातात का?’’ मी तिला हे वर्णन वाचून दाखवलं. पुन्हा विचारणं हे तिथे कौशल्य म्हणून मोजतात, हे तिने दोनदा वाचून घेतलं. बारा वर्षं शाळेत आपण तिला उलटं शिकवलं होतं. वर्गात ‘कळलं नाही’ म्हणणारा ढ, घरात दुसऱ्यांदा विचारणारा उर्मट, कचेरीत ‘नक्की काय म्हणालात’ विचारणारा कामचुकार. या तिन्ही ठिकाणी तिचे कान झाकून घ्यायला शिकवलं आणि आता आपण तिला म्हणतो, तुझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून तू हे काम करू नकोस.

खरं काम सरकारकडे आणि समाजाकडे आहे. नियंत्रकांच्या अपुऱ्या संख्येबद्दल आणि त्यांच्या थकव्याबद्दल संसदेच्या स्थायी समितीने २०२५मध्ये चिंता व्यक्त केली. पडताळणी ही माणसाच्या डोक्यातली क्रिया आहे, तिला विश्रांती लागते. नवे विमानतळ बांधताना फीत कापायची घाई होते. पण त्या टॉवरमध्ये बसणारी माणसं किती, त्यांची पाळी किती तासांची, हे प्रश्न फीत कापणाऱ्यांना कुणी विचारत नाही. कोकणातल्या आपल्या आमदार-खासदारांना आपण टर्मिनलचा रंग विचारतो, हे विचारत नाही.

आणि चूक झाल्यावर काय करतो? ८ जून २०२४ला मुंबईत एकाच धावपट्टीवर एक विमान उडत असताना मागून दुसरं उतरलं. अपघात झाला नाही. लगेच बातमी आली, नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं. चौकशी होईपर्यंत तसं करणं नियमात असेल, त्याबद्दल मी वाद घालत नाही. पण सर्वसामान्य वाचकाने त्या बातमीत ‘सापडला चोर’ असं वाचलं आणि पान उलटलं. आपण जितक्या वेळा असं पान उलटतो, तितका पुढचा नियंत्रक आपली छोटी चूक लपवायला शिकतो. अमेरिकेत १९७६पासून नासा ही संस्था वैमानिक-नियंत्रकांचे गोपनीय अहवाल गोळा करते. आपली चूक स्वतःहून कळवणाऱ्याला, ती हेतुपुरस्सर नसेल तर, शिक्षेपासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळतं. नासाकडे दंड करण्याचा अधिकार नाही, म्हणूनच लोक तिला सांगतात. ही एक बाब फार महत्त्वाची आहे: ऐकणारा आणि शिक्षा करणारा वेगळा ठेवला. आपल्याकडे स्वेच्छेने कळवायची सोय कागदावर आहे. तिच्यावर विश्वास बसेल अशी वेगळी, दंडाचा अधिकार नसलेली संस्था हवी.

हे सगळं परदेशी शिस्तीचं कौतुक म्हणून मी लिहीत नाही. आपल्याच रेल्वेत ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या आहे. फाटक बंद झाल्याचं गेटमन स्टेशन मास्तरला फोनवर सांगतो तेव्हा नुसतं ‘बंद केलं’ चालत नाही. त्याच्याकडे आकड्यांचा एक छापील तक्ता असतो, त्यातला पुढचा आकडा तो देतो, याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. मास्तर तो आकडा वहीत लिहितो, गेटमन आपल्या तक्त्यावर तो खोडतो. ‘हो हो, केलं’ या शब्दांवर रेल्वे विसंबत नाही, कारण ‘हो हो’ हे झोपेतही म्हणता येतं, आकडा म्हणायला तक्त्याकडे बघावं लागतं. कुठल्याही इंग्रजी परीक्षेविना, मराठी-हिंदीत, हे चालतं.

मग आमच्या समुद्रावर हे का नाही? फयान चक्रीवादळ आलं ते ११ नोव्हेंबर २००९ला. निरोप वेळेत पोचणं आणि कळणं म्हणजे काय, हे त्या दिवसानंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक घरांना कुणी सांगायला नको. आता सेट चांगले आलेत, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे, हाकेसाठी सोळा नंबरचा चॅनेल आहे. पण सेटवर बोलायचं कसं, हे आमच्या तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, कुणी शिकवलेलं नाही. जो तो आपल्या परीने बोलतो.

आणि मराठी आकडे तर खरखरीत फार दगा देतात. सात, साठ, आठ. वीस, तीस. सतरा, सत्तर. शिवाय आपण एकक आधी म्हणतो: ‘त्रेचाळीस’मधला ‘त्रे’ खरखरीत गेला की उरतं ‘चाळीस’. ‘एकोणतीस’मधला ‘एकोण’ गेला की ऐकणाऱ्याला सरळ ‘तीस’ मिळतो आणि संशयही येत नाही, कारण तीस हा अगदी सुटसुटीत आकडा आहे. इंग्रजीतही ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ रेडिओवर एकमेकांत मिसळायचे, म्हणून विमानवाल्यांनी ‘नाइनर’ केलं, ‘फाइफ’ केलं आणि प्रत्येक अंक सुटा म्हणायची पद्धत पाडली. त्यांनी स्वतःच्या भाषेला वळण दिलं. आपल्या भाषेला ते वळण द्यायला आपण कुणाची वाट पाहतोय?

माझी मागणी साधी आहे. मत्स्यव्यवसाय खातं, तटरक्षक दल आणि मच्छीमार सोसायट्या यांनी एकत्र बसून समुद्रावरच्या मराठीचे वीस-पंचवीस ठरलेले शब्द आणि वाक्यं तयार करावीत. मालवणी बोलणाऱ्यालाही कळतील आणि उत्तरेच्या कोळी बांधवालाही. अंक सुटे म्हणायचे: ‘चार-तीन’, ‘दोन-नऊ’. खोली सांगताना आधी ‘वाव’ की ‘मीटर’ ते म्हणायचं, मग अंक. ऐकणाऱ्याने परत म्हणायचं आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय होडी हलवायची नाही. जीव धोक्यात असेल तर ‘मेडे’ तीनदा, ‘जरा बघा’ नाही. आणि हे बंदराबंदरावर, पावसाळ्यातल्या बंदीच्या दोन महिन्यांत शिकवायचं, जेव्हा होड्या शाकारलेल्या असतात आणि माणसांना वेळ असतो. शिकवताना तांडेलाशेजारी सगळ्यात लहान खलाशी बसवायचा आणि ‘तांडेल चुकला’ हे मोठ्याने म्हणायचा सराव त्याच्याकडून करून घ्यायचा. हा शेवटचा भाग सगळ्यांत अवघड जाईल. आमच्या घरात तो अजून जमलेला नाही.

मामाने मात्र आपल्यापुरतं काहीतरी केलं. त्या रात्रीनंतर तो वायरलेसवर खोली सांगायचा तेव्हा अंकापुढे शेपूट जोडायचा. वय झाल्यावर त्याने होडी मुलाच्या हाती दिली आणि मुलानेही ती सवय उचलली. परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. सेट चालू होता. मामेभाऊ बाहेरून सांगत होता, ‘‘वाव सात. सहाच्या फुडचो सात.’’ माडीवर बसलेल्या म्हाताऱ्या मामाने माईक उचलला आणि म्हणाला, ‘‘वाव सात, सहाच्या फुडचो. बरोबर मरे?’’ आणि उत्तर येईपर्यंत माईक हातातच धरून बसला.